डाव्या बरगडीवरचा ठिपका

ब्लाउजचं माप

माझ्या गळ्यातली गाठ पहिल्यांदा दिसली ती डॉक्टरांना नाही, मला नाही आणि घरातल्यांना तर नाहीच नाही. ती दिसली आमच्या गल्लीतल्या शिंपीणबाईला. शाळेच्या तपासणीला साहेब येणार होते, म्हणून मी बंद गळ्याचं ब्लाउज शिवायला टाकत होते. तिनं टेप गळ्याभोवती फिरवली आणि तशीच धरून ठेवली.

"बाई, जरा थुकी गिळा बघू."

मी गिळली.

"हितं सुपारीएवढं कायतरी वर-खाली हुतंय. दावून या कुनालातरी."

मी हसले आणि बाह्या जरा सैल ठेवायला सांगून घरी आले. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. मी बत्तीस वर्षांची, निपाणीच्या मराठी शाळेत मास्तरीण. मी चौथीच्या वर्गात पाढे म्हणायला लागले की शेजारच्या वर्गातले गुरुजी खिडकी लावून घेत, असा माझा आवाज. अशा बाईला काय व्हायचंय, असं मला मनापासून वाटत होतं. ती गाठ घेऊन मी आणखी दोन महिने हिंडले.

आता मला निवृत्त होऊनही पुष्कळ वर्षं झाली. गळ्यावर एक पांढरी रेघ आहे, रोज सकाळी एक गोळी आहे, बाकी माझं झकास चाललंय. गावात कुणाला हा आजार निघाला की लोक त्यांना माझ्याकडे पाठवतात. प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा दुखतो, म्हणून एकदाचं लिहून काढते. यात माझी एक मोठी चूक आहे. ती गाळून लिहिलं तर लिहिण्यात काही अर्थ नाही.

उंदराची गोळी

ऑपरेशन बेळगावला झालं. टाके काढायच्या दिवशी रिपोर्ट यायचा होता. हे पोस्टातून रजा काढून आले होते. हे म्हणजे माझे यजमान. निपाणीच्या पोस्टात कारकून, बोलणं कमी, अक्षर सुरेख.

डॉक्टर कानडी होते. मराठी बोलायचे ते बेळगावच्या पद्धतीनं. त्यांनी आत येऊन ह्यांना खूण केली, जरा बाहेर या म्हणून. मी खाटेवर उठून बसले.

"डॉक्टर, गाठ माझी हाय. निकाल पण माझ्यापुढंच सांगा."

त्यांनी एकदा ह्यांच्याकडे बघितलं आणि स्टूल ओढून बसले. "कॅन्सर आहे री टीचर. थायरॉईडचा. पण घाबरू नका. सगळ्या कॅन्सरांत हा त्यातल्या त्यात शहाणा."

पुढचं मी ऐकलं, पण कानात शिरायला वेळ लागला. मी मंगलचा विचार करत होते. आमची मंगल तेव्हा चार वर्षांची होती आणि तिला माझ्याशिवाय कुणी वेणी घातलेली चालायची नाही. ही पोर आता केस मोकळे सोडून हिंडणार, असं काहीतरी माझ्या डोक्यात चाललं होतं.

डॉक्टर मात्र सावकाश सांगत राहिले. थायरॉईडच्या ग्रंथीला आयोडीनची हाव असते. रक्तात आयोडीन आलं की ती ओढून घेते. तिच्यातून झालेल्या कॅन्सरच्या पेशींचीही ती सवय बहुतेक वेळा जात नाही, त्या शरीरात कुठंही जाऊन बसल्या तरी. म्हणून मुंबईला किरणोत्सारी आयोडीन पाजतात. पेशी आपल्या हावेनं ते ओढून घेतात आणि आतल्या आत मरतात.

"घरात उंदीर झाले तर काय करता?" त्यांनी विचारलं.

"पिठाच्या गोळीत औषध घालतो."

"हां. पण आधी साधी गोळी ठेवून बघायचं, उंदीर खातो का, आणि कुठे कुठे येऊन खातो. तेच मुंबईला करतील. आधी थोडंसं आयोडीन देऊन मोजतील. पेशी किती धरून ठेवतात, कुठे धरतात. मग मोठा डोस."

हे मला पटलं. कॅन्सर या शब्दाची मला भीती होती, पण उंदराची नव्हती. निपाणीला परतताना एसटीत हे गप्प होते. मीच बोलत होते. संकेश्वर यायच्या आत मी मंगलला माझ्या बहिणीकडे, आक्काकडे ठेवायचं, शाळेत अर्ज द्यायचा आणि मुंबईला कुठली साडी न्यायची, हे सगळं ठरवून टाकलं होतं.

एक "नाही"

मुंबईची तारीख मिळाल्यावर, ऑपरेशननंतर सुरू झालेल्या थायरॉईडच्या गोळ्या सहा आठवडे बंद ठेवायच्या होत्या, म्हणजे उरलेल्या पेशींना आयोडीनची भूक लागावी. हे सहा आठवडे आजारापेक्षा वाईट. तोंड सुजलं. आवाज घोगरा झाला. उन्हात बसून थंडी वाजायची. मंगलनं चार वेळा "आई" म्हटल्यावर मी पहिल्यांदा "ओ" द्यायचे. पुढे ज्यांना हे करायचंय त्यांना सांगते, या दिवसांत आपण वेडे झालोय असं वाटतं. तसं काही नसतं, गोळ्या सुरू झाल्या की पंधरा-वीस दिवसांत माणूस परत जागेवर येतो.

या सहा आठवड्यांत मला एकाच गोष्टीनं तरतरी यायची. ती म्हणजे मिश्री.

तंबाखू तव्यावर काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची आणि बोटानं हिरड्यांना लावायची, ही मिश्री. निपाणी तंबाखूचं गाव. माझी आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती आणि मी तिच्या पदराला धरून तिथेच वाढले. आठ वर्षांची असताना भूक लागली म्हणून रडले, तर तिनं बोटभर मिश्री हिरडीला लावून मला गप्प केलं होतं. तेव्हापासून ती लागली ती लागलीच.

आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, मात्र कडक. आमच्या लोकांनी बुद्धाचा धर्म घेतला तेव्हा आप्पा पुढे होते. रोज संध्याकाळी घरात पंचशील म्हणायचं, पाचव्या शिलाला आवाज चढवायचा, कारण त्यात नशा करणार नाही असा शब्द आहे. मी आवाज चढवायचे आणि मिश्रीची डबी कनवटीला असायची. मी टी.सी.एच. करून मास्तरीण झाले, आमच्या घरातली वखारीबाहेर पडलेली पहिली मुलगी. लग्नाच्या बोलणीत आप्पांनी सांगितलं, "पोरगी निर्व्यसनी हाय." मी मान खाली घातली. शाळेत मी मुलींचे दात तपासायचे आणि ज्यांच्या हिरड्या काळ्या, त्यांना उभं करायचे. आता लिहितानाही कान तापतात.

मिश्री पुरवायची ती आक्का, माझी थोरली बहीण. ती वखारीतच राहिली. मी मुंबईला निघाले तेव्हा तिनं मंगलला कडेवर घेतलं आणि डबी गुपचूप माझ्या पिशवीत सरकवली.

"पोरीची काय काळजी करू नगंस. मी बघतो. आनि जपून लाव, तुझं मालक बघतील."

आमच्याकडे बायकाही "मी बघतो, मी जातो" असंच बोलतात. मीही घरी तशीच बोलते. "बघते, जाते" हे शाळेतलं.

मुंबईच्या हॉस्पिटलात मोठ्या डॉक्टरबाई होत्या. केस पिकलेले, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी एकेक विचारून घेतलं. खोकल्याचं औषध? नाही. समुद्राची मासळी? महिनाभर नाही. जखमेला आयोडीन लावलंय? नाही.

"तंबाखू, मिश्री, पान, तपकीर, काही?"

हे माझ्या शेजारी बसले होते. मी म्हटलं, "नाही."

मांडी आणि बाटली

ते थोडंसं आयोडीन म्हणजे पाण्यासारखं बेचव पाणी. मी तर काहीतरी भयंकर असेल म्हणून डोळे मिटून घेतलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मोजणी.

मोजणारे गावडे म्हणून होते, पन्नाशीचे, मूळ कोकणातले, हातातलं काम सोडून वर न बघणारे. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि एक जाड नळी गळ्यासमोर आणली. ती अंगाला लागत नाही, दुखत नाही. नुसता आकडा फिरतो. मग त्यांनी तीच नळी माझ्या मांडीसमोर धरली.

"गळ्याचा आजार आणि मांडी का मोजता?" मी विचारलं.

त्यांना बहुतेक असं कुणी विचारत नसावं. ते थांबले. "तुमच्या रक्तातही थोडं औषध फिरतंय. गळ्यातल्या आकड्यात तेही येतं. मांडीत थायरॉईड नाही, म्हणजे तिथला आकडा रक्ताचाच. तो वजा केला की गळ्यातल्या पेशींनी खरं किती धरलंय ते कळतं."

"आणि ती बाटली?" टेबलावर एका बाटलीचीही त्यांनी मोजणी केली होती.

"तुम्हाला पाजलं तेवढंच औषध तिच्यात आहे. ते एकूण. तुमचं त्यातलं किती, ते काढायचं."

"म्हणजे शेकडेवारी."

"शेकडेवारी," गावडे म्हणाले आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून हसले. चौथीच्या गणिताच्या जोरावर मला माझा कॅन्सर कळतोय, याचा मला फार आनंद झाला. इतर पेशंट त्या खोलीत जाताना घाबरायचे आणि मी वहीत आकडे उतरवून घ्यायचे.

तिसऱ्या दिवशी अंगाचा नकाशा काढायचा होता. आडवं झोपायचं, वर यंत्र सावकाश एकेक ओळ सरकतं आणि जिथे औषध असेल तिथे बाजूच्या कागदावर टकटक ठिपके पडतात. दवाखान्याचा झगा घालून या, असं गावड्यांनी सांगितलं होतं. मी झगा घातला, पण आतलं ब्लाउज काढलं नाही. थंडीनं दात वाजत होते आणि हे काय एवढं, असं मला वाटलं. हा दोष पूर्णपणे माझा.

गळ्यावर ठिपके दाट पडले. मी मान न हलवता कागदाकडे डोळे वळवून बघत होते. यंत्र छातीवर आलं. बराच वेळ काही नाही आणि मग पुन्हा टकटक सुरू झाली. गावड्यांनी यंत्र थांबवलं, मागे नेलं आणि त्याच ओळी पुन्हा काढल्या. पुन्हा टकटक झाली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. उद्या परत एकदा काढू." ते माझ्याकडे बघत नव्हते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. छातीचा एक्स-रेही काढला.

हे मोसंबी सोलतात

नंतर डॉक्टरबाईंनी ह्यांना आत बोलावलं आणि मला बाहेर ठेवलं. मी बेळगावसारखं म्हणायला हवं होतं की गाठ माझी आहे, पण गोळ्या बंद असल्यानं माझी सगळी भांडखोर वृत्ती झोपी गेली होती. हे अर्ध्या तासानं बाहेर आले. "सगळं ठीक हाय," म्हणाले. "उद्या एक बारीकशी तपासणी करनार हाईत."

त्यानंतर ह्यांचं जे वागणं सुरू झालं, ते बघून मी समजायचं ते समजले. ज्या माणसानं आठ वर्षांत चहाची कपबशी उचलली नव्हती, त्यानं माझी साडी धुऊन वाळत घातली. मोसंबी आणली, सोलली, एकेक फोड साफ करून माझ्या हातावर ठेवली. दुपारी कंगवा घेऊन माझे केस विंचरायला बसले. मला म्हणाले, "मंगलला येनी घालायला शिकायला पायजे मला."

मी खाटेवर बसून होते आणि केसात कंगवा अडकत होता. मला तेव्हा जी भीती वाटली, ती बेळगावला वाटली नव्हती. बेळगावला सगळं माझ्यासमोर मांडलं होतं. इथे मला सोडून सगळ्यांना काहीतरी माहीत होतं.

"अहो, कंगवा ठेवा," मी म्हटलं. "काय सांगितलं डॉक्टरबाईंनी?"

"काय न्हाय."

"मंगलची शपथ घालू?"

आमच्या धर्मात शपथा नाहीत, आप्पांनी ऐकलं असतं तर रागावले असते. पण ह्यांचा हात थांबला. ते उठून माझ्यासमोर आले आणि बसले. डोळे लाल झाले होते.

"बरगडीत गेलंय म्हनत्यात. एक्स-रेत काय दिसत न्हाय, पन एक्स-रेत दिसायला लई दिवस लागतात म्हनं. यंत्रात दोनदा आलंय, नक्की. उद्या बरगडीचा तुकडा काढून बघनार. हाडात गेलं आसंल तर मग..."

"कुठली बरगडी?"

"डावी. हितं." त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवून दाखवलं.

मीही माझा हात तिथे ठेवला. दुखतंय का, काही लागतंय का, बघायला. हाताला ब्लाउजच्या आतली चिंधी लागली.

मिश्री लावली की बोट पुसायला काहीतरी लागतं. पदराला पुसलं तर काळे डाग दिसतात. म्हणून मी जुन्या धोतराची एक चिंधी घडी करून ब्लाउजमध्ये डावीकडे ठेवत असे, वर्षानुवर्षं, लहानपणी आई ठेवायची तशीच. मुंबईला एकच आणली होती. आयोडीन प्यायल्यापासून चार दिवस, दिवसातून चार-पाच वेळा, तोंडातलं बोट मी त्याच चिंधीला पुसत होते.

मी काही डॉक्टर नाही. आयोडीन थुंकीत उतरतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण गावड्यांनी भिंतीवर एक पाटी लावली होती, "इकडे-तिकडे थुंकू नये, औषध थुंकीतून बाहेर येते." ती मी चार दिवस वाचत होते आणि शुद्धलेखन तपासत होते.

सांगणं

इथं मला खोटं लिहायचं नाही. चिंधी हाताला लागली त्या क्षणी मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. पहिला विचार आला तो असा, की आता संडासात जाऊन ती फेकून द्यावी, ब्लाउज बदलावं आणि पुन्हा एकदा मोजा म्हणून गावड्यांच्या पाया पडावं. ठिपका गेला की गेला, कुणाला काही कळणार नाही. मी उठलेसुद्धा.

पण त्यांनी का मोजावं? दोनदा मोजलं होतं, दोनदा आलं होतं. उद्या सकाळचं ऑपरेशन ठरलं होतं. मी नुसतं "परत मोजा" म्हटलं असतं तर घाबरलेली बाई म्हणून त्यांनी मला दोन शब्द समजावून सांगितले असते आणि सकाळी टेबलावर घेतलं असतं. माझी चांगली बरगडी कापली जाणार होती, किंवा मी मिश्रीवाली ठरणार होते. आज हे वाचायला मजेशीर वाटेल. तेव्हा मला ते दोन्ही सारखंच जड वाटत होतं, इतकी ती लाज मोठी होती.

मी परत बसले. चिंधी काढली आणि आमच्या दोघांच्या मधे खाटेवर ठेवली.

"मी मिश्री लावतो," मी म्हटलं. "लहान असल्यापासनं. लग्नाआधीपासनं. हितं पन लावतो. ह्या चिंधीला बोट पुसतो आणि ही हितं ठेवतो."

हे चिंधीकडे बघत राहिले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. रागावले नाहीत, नवलही केलं नाही. मग उठले आणि म्हणाले, "चल. गावड्यांची सुटी व्हायच्या आत गेलं पायजे."

गावड्यांना मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, शाळेतल्या मराठीत. त्यांनी चिमट्यानं चिंधी उचलली, नळीसमोर धरली. आकडा असा पळाला की माझ्या गळ्यालाही तो कधी पळाला नव्हता. गावडे खुर्चीत बसले.

"बाई," ते म्हणाले, "शेकडेवारी तुम्हाला येते. मांडी का मोजतो ते तुम्ही विचारलंत. आणि हे तेवढं सांगितलं नाहीत."

त्यांनी मला साबणानं हात, तोंड, छाती धुवायला लावली, आतलं-बाहेरचं सगळं बदलायला लावलं आणि घरी जायची वेळ टळून गेल्यावर तो नकाशा पुन्हा काढला. मी कागदाकडे बघितलं नाही. डोळे मिटून फक्त ऐकत होते. गळ्यावर टकटक झाली. मग यंत्र खाली सरकत गेलं, ओळीमागून ओळ, आणि छातीवर डावीकडे एकदाही टकटक झाली नाही.

डॉक्टरबाई आल्या. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, चष्मा लावला, काढला. मला वाटलं आता चांगली खरडपट्टी निघणार. त्या म्हणाल्या, "गळ्यातल्या पेशी छान धरून ठेवताहेत. म्हणजे औषध लागू पडणार. उद्याचं ऑपरेशन रद्द." मग दारापर्यंत जाऊन परत वळल्या. "आणि ती डबी गावड्यांकडे देऊन टाका."

मी दिली.

पाच दिवसांची खोली

मोठा डोस घेतल्यावर पाच दिवस एका खोलीत एकटीनं राहायचं होतं. जाड भिंत, दार बंद, जेवण दारात ठेवून जायचे. गावडे रोज दारातून यंत्र रोखून माझा आकडा घ्यायचे आणि तो खाली येतोय असं बोटानं दाखवायचे.

लोकांना वाटतं या खोलीत मरणाची भीती वाटत असेल. मला तिथे फक्त मिश्री आठवत होती. तोंड कोरडं पडू नये म्हणून लिंबाच्या फोडी चोखायला दिल्या होत्या, त्या चोखून चोखून जीभ सोलली. दुसऱ्या दिवशी मी भिंतीला टेकून लहान मुलीसारखी रडले, डबीसाठी. तिसऱ्या दिवशी जरा कमी रडले. पाचव्या दिवशी बाहेर आले तेव्हा माझ्या अंगातून दोन गोष्टी कमी झाल्या होत्या आणि त्यातली दुसरी सोडवायला डॉक्टरांवर एक पैसाही खर्च झाला नव्हता.

घरी गेल्यावरही काही दिवस मंगलपासून लांब राहायचं होतं. ती अंगणाच्या पलीकडे आक्काच्या मांडीवर बसायची आणि मी इकडे पायरीवर. आक्का तिची वेणी घालायची आणि मी इथून सांगायचे, "आगं, घट्ट वड, सुटंल." मंगल रडायची, पण वेणी घालून घ्यायची. त्या दिवसांत आक्कानं एकदाही मला डबी दाखवली नाही. स्वतःची मात्र सोडली नाही.

ह्यांनी मिश्रीविषयी एक शब्द काढला नाही. मला ते बोलणी खाल्ल्यासारखं झोंबत होतं. रागावले असते तर बरं झालं असतं.

बाकावर

सहा महिन्यांनी पुन्हा मुंबई. पुन्हा गोळ्या बंद, पुन्हा ते बेचव पाणी, पुन्हा मोजणी. या वेळी झग्याच्या आत काहीही नव्हतं. नकाशा काढून झाला आणि आम्ही दोघं बाहेर बाकावर निकालाची वाट बघत बसलो. तासभर झाला. समोरच्या भिंतीवर पाटी होती, ती वाचायचंही मला धैर्य होईना.

"शालन," हे एकदम म्हणाले, "मला ठावं हुतं."

"काय?"

"मिश्रीचं. लग्नाच्या पहिल्या वरसापासनं." ते समोर बघत होते. "माझी आई लावायची. त्यो वास मला लपतोय व्हय? परसात येताना मी खाकरायचो ते काय घसा खराब हुता म्हणून न्हाय. तुला डबी ठेवायला येळ मिळावा म्हणून."

आठ वर्षं मी दारं लावून, पाण्याची धार सोडून, वेलदोडे चावून जे लपवलं, ते हा माणूस बाहेर उभा राहून मला लपवू देत होता.

"मग बोलला का न्हाईसा?"

"तू एवढं जपून लपवतीस म्हटल्यावर मी बघितलं असं कशाला दाखवायचं? तुला वाईट वाटलं असतं."

"आन् डॉक्टरबाईंनी इचारलं तवा?"

"तवा पन त्योच इचार केला. चार लोकांत तुला खोटं कसं पाडायचं? तू न्हाय म्हनलीस, मी गप्प बसलो. आन् तीन दिवसांनी बरगडी कापायच्या कागदावर मीच सही केली. चिंधीचं मला ठावं नव्हतं, पन मिश्रीचं ठावं हुतं. त्या एका शब्दावर त्यांनी सगळं शोधून काढलं असतं. सहा महिने झालं, त्यो कागद माझ्या डोळ्यापुढनं हलत न्हाय."

हे रडत होते. मी ह्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला, भर हॉस्पिटलात, सगळ्यांसमोर. सहा महिने मी समजत होते की हे माझ्यावर नाराज आहेत.

दार उघडलं आणि गावडे कागद घेऊन आले. त्यांनी तो आमच्या मांडीवर पसरला. पोटाजवळ थोडे ठिपके होते, ते सगळ्यांनाच असतात. गळ्याच्या जागी कागद कोरा होता. छातीच्या जागी, डावीकडे, उजवीकडे, कोरा.

"घरी जा," गावडे म्हणाले. "गोळ्या उद्यापासून सुरू."

संध्याकाळच्या निपाणीच्या गाडीत आम्हाला शेजारी शेजारी जागा मिळाली. पनवेल सुटल्यावर मी सुरुवात केली, आणि मग हे बोलले, आणि मग पुन्हा मी. साताऱ्याला गाडी थांबली, लोक चहाला उतरले, आम्ही उतरलो नाही. आठ वर्षांचं होतं सगळं. निपाणीच्या स्टँडवर कंडक्टरला दोनदा सांगावं लागलं की तुमचं गाव आलंय, उतरा.